टेलराच्या माडीवर : म्हापसा बाजारातल्या एका बंद घराचे प्रकरण

पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातला अख्खा बार्देस तालुका पावसाळ्याची बेगमी करायला म्हापशाच्या बाजारात उतरतो. तेव्हा सोलं, चिंच आणि सुके बांगडे विकणाऱ्या बायका एका जुन्या गॅलरीखाली सावली धरून बसायच्या. ते हे घर. मान वर करून बघायचे कारण कुणाला नव्हते. बघितले असते तर ओतीव लोखंडाचा नक्षीदार कठडा दिसला असता, शिंपल्यांच्या तावदानांच्या पाच खिडक्या दिसल्या असत्या (निम्मी तावदाने गळून गेलेली), आणि मंगळुरी कौलांतून हातभर वर आलेला पिंपळ. खाली रस्त्याच्या अंगाला दोन गाळे. एकात टेलर, दुसऱ्यात सुक्या मिरच्यांचे गोदाम. माडी तीसेक वर्षे बंद.

आज त्या माडीवर आठवड्यातले सहा दिवस कुणी ना कुणी असते. नाटकाची तालीम, घुमट हे मातीचे तालवाद्य, व्हायोलिन, मुलांची चित्रे. हे कसे जमले, कुठे अडले आणि अजून कुठे अडलेले आहे ते इथे मांडते. या कामात हिशेब माझ्याकडे होता. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे वही आपसूक माझ्याकडे आली. मालकांची आणि भाडेकरूंची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

मडगावात, फोंड्यात, डिचोलीत, वास्कोत अशी बंद घरे बाजाराच्या ऐन मध्यावर उभी आहेत. त्यांचे काही करता येईल का, असे विचारायला माणसे येतात. येताना बहुधा छपराचे फोटो आणतात. मी त्यांना आधी वारस किती, ते विचारते.

बादल्या

२०१८ साली आमच्या हौशी नाट्यमंडळाची तालमीची जागा गेली. एका शाळेचा वर्ग आम्हाला संध्याकाळी मिळत असे; व्यवस्थापन बदलले आणि मिळेनासा झाला. गोव्यात गावोगावी देवळांच्या उत्सवांत नाटके होतात, कला अकादमीच्या 'अ' गट मराठी नाट्यस्पर्धेसाठी मंडळे महिनोन्महिने राबतात, पण तालमीला हक्काची खोली फार थोड्यांकडे असते. देवळाचा सभामंडप लग्नामुंजींना दिलेला असतो. पूर्वी कुणाच्या तरी घराच्या मोठ्या पडवीत जमायचे. आता घरे जाऊन फ्लॅट आले, आणि फ्लॅटमध्ये दुसऱ्या अंकातला आक्रोश करता येत नाही.

आमचे अंगरखे आणि बाराबंद्या त्या टेलरकाकांकडेच शिवल्या जात. एका संध्याकाळी मापे देताना वर काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकांनी टेप गळ्यात टाकली, कोपऱ्यातली बादली उचलली आणि म्हणाले, "नळा पडला असेल. आलोच, बाय." नळा म्हणजे कौल. मी त्यांच्या मागून चढले.

काकांकडे माडीची किल्ली होती, कारण घरातली शेवटची म्हातारी मुंबईला मुलीकडे जाताना ती त्यांच्या हातात ठेवून गेली होती. गळके पाणी खाली त्यांच्या मशिनांवर येऊ नये म्हणून दर पावसाळ्यात ते दिवसातून दोनदा वर जायचे आणि बादल्या रिकाम्या करायचे. तीस पावसाळे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुणीही न सांगता, कुणीही पैसे न देता या माणसाने ते पाणी बाहेर ओतले नसते तर माडीची जमीन केव्हाच खाली आली असती. पुढे आमच्याकडे वास्तुविशारद आला, इंजिनिअर आला, वकील आला. पण हे घर वाचवले कुणी, असे मला विचाराल तर मी काकांचेच नाव घेईन.

वर एक लांब दिवाणखाना. दिवे टांगायचे कडे छताला तसेच होते. एका भिंतीवर पेन्सिलीने नारळांचे हिशेब लिहिलेले, शेकड्यांच्या खुणा करून; खाली पेढी असतानाचे. काका म्हणाले, "साठ माणसं बसायची इथं. मी पाहिलीत. पण आता वर कोण चढणार?"

सह्या

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सारे प्रकरण इथेच घडले किंवा बिघडले असते.

आपल्याकडे वारसाहक्क १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वळणाने चालतो. आता त्याची जागा मुख्यतः २०१२च्या, २०१६पासून अमलात आलेल्या राज्य कायद्याने घेतली आहे, पण गाभा तोच आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. एक गेला की अर्धा वाटा मागे राहिलेल्याचा. उरलेल्या अर्ध्यातलाही निम्मा भाग मुलांना द्यावाच लागतो, मृत्युपत्र करूनही तो काढून घेता येत नाही. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. बाई म्हणून मला या कायद्याचा अभिमान आहे, आणि बंद घरांचे खापर त्याच्यावर फोडणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. दोष कायद्याचा नाही. माणूस गेल्यावर करायची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, पिढ्यान्‌पिढ्या कुणी करत नाही, हा खरा दोष. एक पिढी टाळते, दुसरी टाळते, आणि तिसऱ्या पिढीत एका माडीचे वाटेकरी बेळगावपासून लिस्बनपर्यंत पसरलेले असतात.

या घराचे अकरा वाटेकरी निघाले, त्यांचे जोडीदार वेगळे. सिटी सर्व्हेच्या कागदांवर, चलता नंबर आणि पीटी शीट, म्हणजे मिळकतीचा क्रमांक आणि नकाशाचा तक्ता, काढल्यावर, नाव मात्र अजून आजोबांचेच. त्या अकरा जणांत कुणीही दुष्ट नव्हते. घर पडावे असे कुणालाच वाटत नव्हते. पण एकाने दुरुस्ती केली तर तो हक्क सांगेल अशी दुसऱ्याला भीती, आणि आपण पैसे घालून इतरांचे घर कशाला सावरायचे असा तिसऱ्याचा प्रश्न. तो प्रश्न रास्तच होता.

त्याहून मोठी भीती भाडेकरूची. १९६८चा भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूला भक्कम संरक्षण देतो. दिलेली जागा हयातीत परत मिळत नाही, असे जुने मालक सरसकट मानतात. पार्ल्याच्या मावशी, म्हणजे वाटेकऱ्यांत सर्वांत वडील, पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "तुम्ही नाटकवाली माणसं चांगली असाल हो. पण उद्या आमचं घर आम्हाला मागता येईल ना?" मी त्यांना उगीच धीर दिला नाही. वकिलांशी बोलून सांगते म्हटले आणि तसे केले. एवढ्यानेच त्यांचा विश्वास बसला, असे त्यांनी पुढे एकदा सांगितले.

आधी आम्ही १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवली. त्याला किमान सात सभासद लागतात; आम्ही नऊ घेतले, त्यांत वाटेकऱ्यांपैकी दोघे आणि टेलरकाका. मग भाडेपट्टा न मागता फक्त अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स मागितला, तोही छप्पर आणि साफसफाई एवढ्याच कामापुरता. घर वापरायचे नाही, आधी सावरायचे. अकरा महिन्यांच्या कागदावर जमवलेले पैसे दुसऱ्याच्या छपरात घालणे हिशेबनीस म्हणून मला मुळीच पटत नव्हते. पण घाबरलेल्या मालकाशी बोलायचे तर धोका आधी आपणच पत्करावा लागतो, हे आमच्या दिग्दर्शकांनी सभेत मांडले आणि मी सही केली.

बाकीच्या सह्यांना चौदा महिने लागले. वकिलांनी जोडीदारांसकट सगळ्यांच्या मागितल्या. लिस्बनच्या भाचीने दूतावासात जाऊन मुखत्यारपत्र केले. डिचोलीच्या एकाची सही तो इस्पितळात असताना घ्यावी लागली, आणि त्याच्या मुलीने आमच्यासाठी तिथे चहा आणला, हे मी विसरणार नाही.

बेळगावच्या भावाने अट घातली: सही करतो, पण आधी टेलर आणि मिरच्यांचे गोदाम हलवा. रिकाम्या घराला किंमत येते, हे त्याचे म्हणणे बाजाराच्या दृष्टीने बरोबर होते. आमच्यातल्या तिघांनाही ते पटत होते. खालचे गाळे मिळाले तर तिथे प्रदर्शनाची जागा करता येईल, चहाचा कोपरा करता येईल, असे बोलणे झाले. त्या सभेत आवाज चढले. शेवटी आम्ही नाही म्हटले. ज्याने तीस वर्षे बादल्या उपसल्या त्याला काढून तिथे कलेचे काम करायचे, हे करून आम्ही कुठल्या तोंडाने नाटक बसवले असते? पाच महिने काम ठप्प झाले. अखेर पार्ल्याच्या मावशींनी मध्यस्थी केली. दोन्ही गाळ्यांचे भाडे, जे अनेक वर्षे होते तिथेच होते, ते दोघा भाडेकरूंनी राजीखुशीने वाढवून दिले, आणि बेळगावची सही आली.

मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय तोच होता. त्याचे फळ पुढे दिसेलच.

छप्पर, सिमेंट, चुना

करार जानेवारी २०२० मध्ये झाला. छप्पर मे महिन्यापर्यंत उतरवून परत चढवायचे, मिरगाआधी काम पुरे करायचे, असा बेत. मार्चमध्ये टाळेबंदी आली. मेस्त, म्हणजे मिस्त्री, पेडण्यात अडकला, कामगार आपापल्या गावी चालत निघाले. तो पावसाळा घराने ताडपत्रीखाली काढला.

टाळेबंदीआधीच्या दोन महिन्यांत आमच्या हातून एक चूक झाली होती. मागच्या भिंतीचा जुना गिलावा ढासळत होता, तो पावसाआधी झाकावा म्हणून आम्ही घाईने सिमेंटचा गिलावा करून घेतला. स्वस्त पडला, दिसायला गुळगुळीत दिसला. मेस्त तेव्हाच कुरकुरला होता, "चिऱ्याला सिमेंट घालू नका, बाय, दगड गुदमरतो." आम्ही ऐकले नाही. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो. पाणी आत घेतो आणि ऊन पडले की बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला तसे करू देतो. सिमेंट देत नाही. दोन पावसाळ्यांत भिंतीतले पाणी सिमेंटच्या मागे साठले, पांढरे क्षार फुटले, गिलाव्याला फुगे आले, आणि २०२१च्या चतुर्थीच्या सुमारास त्या भिंतीचा अर्ध्याहून जास्त गिलावा एका रात्रीत खाली आला. चिऱ्याचा वरचा थरही सोबत घेऊन आला. जुन्या घरात हात घालणाऱ्या प्रत्येकाने, पैसे नसतील तर भिंत उघडी ठेवावी, पण हे करू नये.

त्याआधी छपराचे. २०२१च्या एप्रिलमध्ये नळे उतरवायला घेतले. वासे सागवानी आणि मटीचे. मधले लाकूड अजून खणखणीत, पण तुळयांची भिंतीत रोवलेली टोके कुजलेली. सगळीकडे असेच होते, कारण भिंतीतली ओल टोकालाच लागते. अख्खी तुळई बदलायची गरज नसते. मेस्तांनी कुजका भाग कापून नवे लाकूड तिरप्या सांध्याने जोडले. रस्त्याकडची बाजू पुरी झाली आणि मे महिन्यात संचारबंदी लागली. ते दिवस गोव्यात कुणालाही आठवायला नको वाटतात. आमच्या मंडळातली दोन माणसे त्या महिन्यात गेली. १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. वीज नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरकाका मागच्या बाजूची फाटलेली ताडपत्री उरावर घेऊन वर उभे होते, चिंब भिजलेले. नवी शाकारलेली बाजू एका नळ्यानेही हलली नव्हती. मागच्या अर्ध्या भागात लाकडी जमिनीच्या फळ्या भिजून वर उचलल्या गेल्या. त्या पुढे बदलाव्या लागल्या.

हिशेबाच्या वहीत बघते तर एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या छपराने खाल्ला. निम्मे नळे जुनेच वापरले. शिंपल्यांची तावदाने मात्र नवी मिळत नाहीत. तो शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पाडलेल्या घरांतून दोन पेट्या जुने शिंपले मिळाले, त्यांत तीन खिडक्या भरल्या. उरलेल्या दोनांना साधी काच आहे. ते उघड दिसते, आणि दिसू दे.

सिमेंट खरवडून मागची भिंत चुन्याने करायची ठरली तेव्हा चुना भिजवून, मुरवून, गुळाचे पाणी घालून तयार करणारा माणूस शोधावा लागला. तो मिळाला डिचोलीकडे, आणि त्याने येताना एक गोष्ट सांगितली: तुमची भिंत एवढी मोठी आणि ताजी असेल तर तिच्यावर कावी का काढत नाही? पेडणे-डिचोली भागातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ही कला अजून दिसते. ओल्या चुन्याच्या पांढऱ्या थरावर हुरमुंजीच्या लाल मातीचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून आतला पांढरा रंग उघडा करायचा. थर वाळला की हात फिरत नाही, चूक सुधारता येत नाही. २०२२च्या जानेवारीत अकरा दिवस बाजारातली मुले, दोन चित्रकला शिक्षक आणि आमच्यातले हौशी असे सगळे मिळून त्या भिंतीपुढे उभे राहिलो. रोज जेवढा गिलावा ओला, तेवढेच चित्र. मिरच्यांच्या गोदामातल्या मुलीने काढलेला वेल सर्वांत सरळ आला.

आमची सर्वांत मोठी चूक जिथे होती त्याच भिंतीवर आता कावी आहे. त्या चुकीवाचून आम्हाला हे सुचलेही नसते.

महोत्सव की तालीम

आता घर उभे राहिले. त्याचे करायचे काय यावर खरी भांडणे झाली.

आमच्यातल्या तरुण मुलांच्या डोळ्यांपुढे पणजी होती. आणि का असू नये? १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारे जुने गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला गेल्यावर मांडवीकाठचा तो परिसर ओस पडला होता. २००४ साली इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि तिथे वर्दळ सुरू झाली. २००७च्या एप्रिलमध्ये त्या जुन्या इमारतीत 'अपरान्त' हे प्रदर्शन भरले, रणजित होस्कोटे यांनी मांडलेले. सूझा, गायतोंडे, आंजेलो द फोन्सेका, लक्ष्मण पै, आपल्याच मातीतले हे चित्रकार मी तिथे पहिल्यांदा एका छपराखाली पाहिले. रुग्णालयाच्या उंच खोल्यांमध्ये ती चित्रे बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. २०१६पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवही अशाच जुन्या इमारती उघडतो, आणि ज्यांनी कधी चित्र विकत घेतलेले नाही, घेणारही नाहीत, अशी कुटुंबे तिथे मुलांना घेऊन फिरतात. या सगळ्याने पणजीतल्या जुन्या भिंतींकडे बघायची लोकांची नजर बदलली. ते मोलाचे आहे.

पण आमचे घर वेगळ्या कामाचे आहे, असे माझे म्हणणे होते आणि अजून आहे. महोत्सवाला इमारत लागते. तालमीला खोली लागते. खोलीला पंखा लागतो, मोरी लागते, संध्याकाळी साडेसहाला दार उघडणारा माणूस लागतो. जुलैच्या मंगळवारी, पाऊस कोसळत असताना, पाच नटांपैकी तीनच आलेले असताना ती उघडी असावी लागते. हे महोत्सवाच्या हिशेबात बसत नाही, कारण तिथे बघायला काही नसते.

म्हणून उद्‌घाटन केले नाही. २०२२च्या मार्चमधल्या एका मंगळवारी तालीम लागली, एवढेच. सर्वांत आधी तयार झाले ते मागच्या अंगणातले स्वच्छतागृह, आणि शुक्रवारी, म्हणजे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, ते बाजारातल्या बायकांसाठी उघडे ठेवले. शुक्रवारी दुसरा काही कार्यक्रम ठेवत नाही. पहाटे तीनला उठून, पाट्या घेऊन आलेल्या बाईला दिवसभर जायला जागा नसते, हे मला त्या बायकांनी सांगेपर्यंत कधी सुचले नव्हते. माझे आयुष्य त्याच बाजारात भाजी घेण्यात गेले आहे. आता कुणी अनोळखी माणूस रात्री माडीच्या जिन्यावर बसलेला दिसला तर त्याच बायका सकाळी काकांना सांगतात.

इंजिनिअरने लाकडी जमिनीवर एका वेळी चाळीसच माणसे, असे लिहून दिले. काकांच्या आठवणीतली साठ गेली. शिवाय ताल धरून उड्या मारायच्या नाहीत. सगळ्यांचे पाय एकाच ठेक्यावर पडले की तुळयांवर येणारा भार बसलेल्या माणसांच्या कितीतरी पट असतो. फुगडीचे मंडळ आले तेव्हा हे सांगणे जड गेले. त्या बायका रागावून गेल्या. त्यांची म्होरकी म्हणाली, "व्हायोलिनवाल्यांना माडी आणि आम्हाला पायरी?" तिचे खरे होते. आम्ही अंगणातले सामान हलवले, कावीच्या भिंतीसमोर शेणाने सारवून जागा केली, आणि आता पावसाळा सोडून फुगडी तिथे होते. पावसाळ्यात होत नाही, आणि नेमक्या चतुर्थीत, जेव्हा फुगडीचे दिवस असतात, तेव्हाच पाऊस असतो. यावर आम्हाला अजून उत्तर सापडलेले नाही.

घुमटाचे वर्ग श्रावणापासून भरतात. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता बकऱ्याचे लावतात. २०१९ साली घुमट राज्याचे वारसा वाद्य झाले आणि मुलांच्या आईबापांना अचानक त्याची गोडी लागली, तीही बरीच. वर घुमट घुमायला लागले की समोरच्या घरातल्या आजोबांना झोप येत नाही. ध्वनिप्रदूषणाचा नियम रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवा म्हणतो. आम्ही माडीवर ध्वनिक्षेपक ठेवलेलाच नाही आणि घुमट साडेनऊला थांबते. आजोबा नऊला झोपतात. मधला अर्धा तास त्यांनी आम्हाला दिला आहे, असे ते म्हणतात.

तियात्र, म्हणजे गोव्याचे गाण्यांनी भरलेले कोंकणी नाटक, करणाऱ्यांनी यावे असे वाटत होते. पहिल्या वर्षी ते आले नाहीत. ही मराठी नाटकवाल्यांची जागा, अशी समजूत होती, आणि ती आम्ही घडवली होती, कारण दारावर पाटी लावायचा प्रश्न आला तेव्हा देवनागरी की रोमी (म्हणजे रोमन लिपी), मराठी की कोंकणी यावर आमच्याच सभेत दोन तास गेले. शेवटी पाटी लावलीच नाही. खाली फक्त काकांची जुनी पाटी आहे. लोक आपसूक 'टेलराच्या माडीवर' म्हणू लागले. व्हायोलिन शिकवणारे सर एका तियात्र मंडळाला वाजवतात. ते दुसऱ्या वर्षी आपले मंडळ घेऊन आले. आता बुधवारी ते आणि गुरुवारी आम्ही, आणि एकमेकांच्या तालमीला उंबऱ्यावर बसून बघायची सवय दोघांना लागली आहे. त्यांच्या नटांची वेळेची पकड बघून आमच्या पोरांनी बरेच काही उचलले.

जे जमले नाही तेही लिहिते. चित्रप्रदर्शन आम्ही हौसेने भरवले, तेही जुलैत. दहा दिवसांत कागदावरच्या चित्रांना बुरशी आली. चार तरुण चित्रकारांचे नुकसान झाले, त्यातला एक परत आला नाही. नळ्यांच्या छपराखाली, चुन्याच्या भिंतींत हवा खेळती असते. नाटकवाल्यांना ते वरदान, कागदाला शाप. आता ऑक्टोबर ते मे एवढेच प्रदर्शन लावतो. हे आधी कुणाला विचारले असते तर कळले असते.

वहीतले शेवटचे पान

संध्याकाळच्या तालमीचे दोनशे रुपये, मुलांकडून काही नाही. यातून वीज, घरपट्टी आणि झाडणाऱ्या बाईचा पगार निघतो. डागडुजी निघत नाही, ती वर्गणीवर चालते. छप्पर झाल्यावर वाटेकऱ्यांनी स्वतःहून पाच वर्षांचा नोंदणीकृत लायसन्स दिला. तो २०२७ साली संपतो.

त्याआधीच काही घडू शकते. वाटेकऱ्यांनी अखेर इन्व्हेंटरी सुरू केली आहे. आम्हीच त्यांना ती करा म्हणून सांगत होतो, त्यामुळे तक्रार करायचा हक्क नाही. इन्व्हेंटरीत वाटणी जमली नाही तर वारसांत आपसात बोली लागते आणि सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला घर मिळते. सावरलेल्या घराची बोली मोडक्या घराहून वर जाणार, आणि ते सावरले आम्ही. नवा मालक आमचा कागद मानेलच असे नाही. लायसन्सने जागेत हक्क तयार होत नाही. पार्ल्याच्या मावशी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. लिस्बनची भाची आणि त्या मिळून आपले वाटे एकत्र ठेवायच्या विचारात आहेत. बेळगावचा भाऊ गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा माडीवर आला, आजोबांचे नारळांचे हिशेब त्याने बोटाने वाचले, नाटकाचा पहिला अंक पाहिला आणि दुसऱ्या अंकाआधी बस पकडायला गेला. काय ठरवले ते बोलला नाही.

काकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा दोन आठवडे किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला. समितीतल्या सगळ्यांनी हात वर केले. काकांनी ती मिरच्यांच्या गोदामातल्या त्या मुलीला दिली, कावीचा वेल काढणारीला. ती आता अकरावीत आहे आणि व्हायोलिनही शिकते. देताना तिला वर घेऊन गेले. कोपऱ्यात चार जुन्या बादल्या अजून एकात एक घालून ठेवलेल्या आहेत. छप्पर चार पावसाळे गळलेले नाही. तरी काकांनी एकेक बादली उचलून कुठली कुठे ठेवायची ते तिला दाखवले, आणि तिने जमिनीवर खडूने चार गोल काढून ठेवले.